पायधुनीचा थांबा

एकट्याने फिरणाऱ्या माणसाने स्वतःस 'आम्ही' म्हणवून घ्यावे, यात थट्टेला थोडी जागा आहे हे आम्ही जाणतो. बसमध्ये आम्ही एकच तिकीट काढतो व एकाच माणसाची जागा अडवितो. परंतु लेखणी हाती आली की हे अनेकवचन जुन्या सवयीने पुढे येते आणि त्यास मागे सारवत नाही. घरची मंडळी आमच्या या भटकंतीस 'एकसदस्य समितीचा दौरा' म्हणतात. नोकरीतून मोकळे झाल्यापासून समितीचा शिरस्ता असा की, दर बुधवारी सकाळी दादरच्या एखाद्या थांब्यावर जाऊन उभे राहावे, ज्या बसमध्ये आजवर पाऊल टाकले नाही तीत चढावे, मन होईल तेथे उतरावे, आणि गुडघे तक्रार करीपर्यंत चालावे. सोबत कोणास घ्यावयाचे नाही. सोबती असला म्हणजे माणूस शहराशी न बोलता सोबत्याशीच बोलतो, आणि घरी परततो तेव्हा त्यास त्या सोबत्याच्या जावयाची हकीकत तेवढी आठवते.

मुंबई आपणांस पुरती ठाऊक आहे, असा आमचा छत्तीस वर्षे समज होता. दादर ते चर्चगेट या प्रवासात दादर सोडल्यावर आठ स्थानके लागतात. त्यांपैकी कोणते आले हे डोळे मिटूनही, केवळ पाठीवर बसणाऱ्या धक्क्याच्या जातीवरून, आम्ही सांगू शकत असू. यासच आम्ही शहराचे ज्ञान समजत होतो! पुढे ध्यानात आले की, आगगाडी शहरात परसदाराने शिरते. तिच्या खिडकीतून दिसतात त्या घरांच्या पाठी, वाळत घातलेले कपडे, गटारे आणि भिंतींवरील जाहिराती. कोणाच्या घरी परसदाराने छत्तीस वर्षे जाणाऱ्याने त्या घराशी आपला घरोबा आहे असे म्हणू नये. बस पुढल्या दाराने जाते. ती दुकानांच्या पाट्या वाचू देते, देवळापाशी थबकते, शाळा सुटली असेल तर मुलांना रस्ता देते. आणि पायी चालणाऱ्यास तर कधी कधी ओसरीवर टेकावयासही मिळते.

मुंबईची ही बस तशी वयाने फार थोर नव्हे. ९ मे १८७४ रोजी येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी तिची विजेची धाकटी बहीण आली, आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली. १९४७ च्या ऑगस्टात हा सारा पसारा महापालिकेकडे आला. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. ती आम्ही पाहिली नाही, वडिलांकडून ऐकली. दुमजली बस मात्र आमच्या बालपणाची. वरल्या मजल्यावरील अगदी पुढली जागा मिळाली म्हणजे आपणच बस हाकीत आहो असे वाटे, आणि झाडाची फांदी काचेवर घासली की डोके आपोआप खाली जाई. त्या जुन्या लाल दुमजली गाड्यांतील शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. त्याच वर्षी विजेवरील थंडगार दुमजली गाड्या आल्या. त्यांत आम्ही बसलो. उत्तम आहेत, परंतु काच बंद असते, आणि फांदी घासली तरी डोके खाली जात नाही. भाडे म्हणाल, तर २०१९ साली किमान पाच रुपयांपर्यंत उतरलेले ते मे २०२५ मध्ये दुप्पट झाले. तरीही एवढ्या पैशांत एवढे शहर दाखविणारा दुसरा वाटाड्या आम्हांस माहीत नाही.

या दौऱ्यांत आमचे मन जडले ते एकेका वस्तीपेक्षा दोन वस्त्यांमधील सांध्यांवर. मुंबई मुळात सात बेटांची, हे शाळेतल्या पोरासही येते. मधले पाणी हटवून, बांध घालून, भर टाकून ती जोडली गेली. माहीम व वांद्रे यांमधील कॉजवे १८४५ चा. त्यास जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नीने पैसा दिला. हे सांधे आता डोळ्यांस दिसत नाहीत, पण नावांत राहिले आहेत. उमरखाडी म्हटले की खाडी आली. पायधुनी म्हटले की, मुंबई आणि माझगाव या बेटांमधील ओहोळ ओलांडून आलेला माणूस पाय धुऊन पुढे जात असे, ते आले. आणि नवल असे की, पाणी गेले तरी सांधा गेला नाही. पायधुनीच्या चौकात दोनशे पावलांच्या आत दुकानांच्या पाट्यांची लिपी पालटते, अत्तराचा वास धुपाच्या वासास ढकलून पुढे येतो, आणि माणसांच्या हाका मारण्याची तऱ्हाही बदलते. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले. त्यातील मुंबई आता कोठे उरली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा पायी हिंडून पाहावे.

आमच्या पहिल्याच दौऱ्यात गिरगाव आले, कारण तेथे आपलेच राज्य आहे अशी आमची खात्री होती. केशवजी नाईकांच्या चाळी पाहिल्या. १८९३ पासून तेथे सार्वजनिक गणपती बसतो. तेथून खोताच्या वाडीत शिरलो. वाडी वसविली दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी, परंतु तेथील लाकडी जिन्यांच्या, उतरत्या छपरांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती ख्रिस्ती कुटुंबे. एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई लसूण सोलीत बसल्या होत्या. आम्ही मोठ्या ऐटीत इंग्रजीत विचारले की, या वाटेने ठाकुरद्वारास जाता येईल काय? बाईंनी आम्हांस नखशिखांत न्याहाळले आणि म्हणाल्या, "बाबा, मराठी येत नाय काय तुला?" समिती तेव्हा जी वरमली, ती ठाकुरद्वारापर्यंत सावरली नाही. या ईस्ट इंडियन मंडळींची घरची बोली मराठीच आहे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. परंतु पुस्तकातील ज्ञान तोंडापर्यंत यावयास पुष्कळ वेळ लागतो.

तीच गत माटुंग्याला. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले, आणि १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने दादर-माटुंग्याच्या बाजूस रुंद रस्त्यांच्या वस्त्या आखल्या. त्यांत पारशी आले, आपली मराठी मंडळी आली, आणि तमिळ मंडळी आली. माटुंग्याच्या फुलबाजारात सकाळी उभे राहावे. मोगऱ्याच्या गजऱ्यांची रास, केळीच्या पानांत बांधलेले पुडे, कपाळाला भस्म लावलेले, हातात पिशवी घेतलेले आजोबा. आम्ही हिंदीत भाव विचारला. आमचे हिंदी कसे आहे हे आमच्या घरच्यांस विचारावे. फुलवालीने उत्तर दिले ते मराठीत, आणि ते आमच्या हिंदीहून तर बरे होतेच, पण आमच्या मुलीच्या मराठीहूनही बरे होते.

मस्जिद बंदराकडे सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्राएल समाजाचे जुने प्रार्थनामंदिर आहे. ते १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी उभारले. दिवेकर! हे ज्यू लोक कुलाबा जिल्ह्यातून आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत, आणि गावाच्या नावापुढे 'कर' लावण्याची रीत त्यांनी आपल्याप्रमाणेच उचलली. रेल्वे स्थानकाचे 'मस्जिद' हे नाव या प्रार्थनामंदिरावरूनच पडले, असे सांगतात. स्थानक आमच्या कानांवरून हजार वेळा गेले असेल; नावामागे एक दिवेकर उभा आहे, हे साठी उलटल्यावर कळले.

लालबागेविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तेथे आम्हांस फार बोलवत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागी उंच मनोरे आले. मसाल्याच्या गल्लीत मात्र डंक अजून धडधडतात, मिरची भाजल्याचा ठसका अजून सबंध गल्लीस लागतो, आणि शिंकणारा माणूस परका म्हणून ताबडतोब ओळखू येतो. आम्ही सात वेळा शिंकलो.

असे दौरे चालले होते. वहीत उतरलेल्या वस्त्या पाहून मुलीने एके दिवशी सहज विचारले, "बाबा, तुम्ही पायधुनीपर्यंत चारदा गेलात. दर वेळी तेथून पूर्वेला नाहीतर पश्चिमेला वळलात. उत्तरेला काय आहे?"

उत्तरेला भेंडीबाजार आहे.

हे नाव इंग्रजीतील 'बाजाराच्या मागे' या शब्दांवरून पडले असे कोणी म्हणतात. आम्ही भेंडीच्या झाडांच्या बाजूने आहो. चिंचपोकळी, फणसवाडी, ताडदेव यांच्या पंक्तीला एक झाड अधिक बसले तर कोणाचे काय जाते? गाण्यातल्या माणसांस हे नाव एका घराण्याचे म्हणून ठाऊक असते. त्या घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे लता मंगेशकर गाणे शिकल्या. आम्हांस मात्र ते लहानपणी एका बाइंडरचे गाव म्हणून ठाऊक झाले.

आमचे वडील शाळामास्तर होते. एका मासिकाचे ते वर्गणीदार, आणि वर्ष संपले की बारा अंक सुतळीने बांधून ते भेंडीबाजारातील एका बाइंडरकडे घेऊन जात. दादरला बाइंडर नव्हते असे नाही. परंतु त्यांच्याकडील बांधणी वडिलांच्या मनास येत नसे. हे गृहस्थ रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. त्यात एक लोखंडी दाब, खळीचे डबडे, आणि छतापर्यंत रचलेले लोकांचे कागद. वडील त्यांस भाई म्हणत, ते वडिलांस मास्तर म्हणत, आणि आम्ही त्यांस चाचा म्हणत असू. इतर बाइंडर अंकांची मुखपृष्ठे फाडून टाकीत. चाचा ती राखीत. "मास्तर, कव्हर फाडला की अंक उघडा पडतो," असे ते म्हणत, आणि वडील घरी येऊन ते वाक्य आईस ऐकवीत. ट्रामच्या काळापासूनचा हा संबंध. वडिलांचे बोट धरून आम्ही बसने जात असू, आणि परतताना चाचांच्या घरून आलेली नानकटाई आमच्या हातात असे.

१९९२ च्या नोव्हेंबरात वडिलांनी १९९० व १९९१ सालांचे चोवीस अंक चाचांकडे दिले. डिसेंबर आला, जानेवारी आला. त्या दोन महिन्यांत मुंबईत जे झाले ते वाचकांस सांगावयास नको. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा नऊशे दिला आहे. दंगल शमल्यावर वडील म्हणाले, "भाईंची चौकशी करून येऊ या." आम्ही म्हणालो, "इतक्यात नको." १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले. वडील पुन्हा म्हणाले, आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. त्या वेळी आम्ही तिशीचे होतो, घरात लहान मूल होते, आणि आपले म्हणणे शहाणपणाचे आहे याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. मूल मोठे झाले तेव्हाही आम्ही त्यास सांगितले की, तिकडे जाऊ नये. तिसऱ्यांदा वडिलांनी विचारले नाही. १९९६ साली ते गेले. त्यांच्या कपाटात १९८९ च्या खंडानंतर एकदम १९९२ चा खंड आहे, दादरच्या बाइंडरने बांधलेला, मुखपृष्ठावाचून. मधल्या जागेत दोन पुस्तके मावतील एवढी फट आहे, आणि ती कोणी भरून काढलेली नाही.

२००२ साली तो लांबलचक उड्डाणपूल झाला. त्यावरून टॅक्सीने गेले की भेंडीबाजार लागतच नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या तेवढ्या दोन्ही बाजूंनी मागे पळतात. आम्ही त्या पुलावरून कितीदा तरी गेलो. पूल शहराच्या सोयीसाठी झाला खरा, पण आमचीही त्याने मोठीच सोय केली.

तर मुलीच्या त्या प्रश्नानंतरच्या बुधवारी आम्ही पुलाखालून जाणारी बस धरली आणि पायधुनीस उतरलो. गोडीजीच्या जैन मंदिरातून माणसे बाहेर येत होती. आम्ही उत्तरेकडे तोंड केले. मिनारा मशीद मागे पडली, अत्तरवाले, टोप्या विकणारे, उर्दू पुस्तकांची दुकाने. कोणी आमच्याकडे पाहिले नाही. तीस-बत्तीस वर्षे आम्ही ज्या रस्त्यास भीत होतो, त्या रस्त्यास आमची काहीच कल्पना नव्हती, हे जरा अपमानास्पदच वाटले. एका दुकानाच्या फळीवर नानकटाई दिसली आणि तेथे मात्र पाऊल अडखळले.

चाचांची इमारत नव्हती. भेंडीबाजारात बोहरा समाजाच्या न्यासाने सुमारे साडेसोळा एकरांची पुनर्बांधणी हाती घेतली आहे. जुन्या इमारती जमीनदोस्त होऊन त्यांच्या जागी मनोरे उठत आहेत. आम्ही डोक्यात जो नकाशा धरून आलो होतो, त्यातील गल्लीच मिटली होती. दोन-तीन ठिकाणी विचारले. एका पोराने शेवटी रस्त्यापलीकडच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या वृद्धाकडे बोट दाखविले.

ते गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसले होते. आम्ही हिंदीत सुरुवात केली. त्यांनी भिंग न काढताच विचारले, "बाइंडर म्हणजे आमचा जिन्याखालचा? तुम्ही दादरचे काय?" मराठीत; आणि हेल तोच, रत्नागिरीकडचा. आम्ही हो म्हटले. त्यांनी भिंग काढले.

त्यांनी सांगितले ते असे. दुकान दंगलीत वाचले. परंतु चाचांच्या घरची माणसे घाबरली, आणि त्रेण्णवच्या उन्हाळ्यात ती मुंब्र्यास गेली. "टेम्पो आणला होता. पहिला दाब चढवला. मग लोकांचे राहिलेले गठ्ठे. मी म्हटले, अरे, हे रद्दीत घाल, मुंब्र्याला कुठे नेतोस? तर म्हणाला, लोकांचे आहेत, लोक येतील."

"आले?" आम्ही विचारले.

"आले ना. माझ्याकडे पत्ता ठेवला होता त्याने. वकील आले, कॉलेजातले आले, एक पारशीण आली. महिना, दोन महिने येत होते." ते थोडे थांबले. "तुम्हांला उशीर झाला."

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा भाव मुळीच नव्हता. घड्याळ किती मागे पडले आहे हे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. चाचा जाऊन बरीच वर्षे झाली होती. एका बिलाच्या पाठीवर त्यांनी चाचांच्या मुलाचा फोन नंबर लिहून दिला, आणि आमच्या मनगटावरील घड्याळ मागून घेऊन, न विचारताच, त्याचा पट्टा घट्ट करून दिला. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आम्ही ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली होती, आणि लालबागचा पूल येईपर्यंत चार वेळा चाचपून पाहिली.

चिठ्ठी दहा दिवस खिशातच राहिली, हेही सांगितले पाहिजे. पहिल्यांदा फोन केला तेव्हा कोणी उचलला नाही, आणि आम्हांस हायसे वाटले. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्यांदा एका बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

येथे समितीपुढे मोठाच पेच पडला. कागदावर आम्ही स्वतःस काय म्हणवून घेतो, ते तेथे उपयोगाचे नव्हते. आमचे नाव त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गिऱ्हाईक म्हणावे, तर गिऱ्हाईक वडील होते.

"मास्तरांचा मुलगा," आम्ही म्हणालो. "दादरचे मास्तर."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग, "थांबा हां," असे म्हणून तिने फोन खाली ठेवला, आणि आत कोणाला तरी हाक मारली.